नखांची दोन पानं

प्रवेशाचा हंगाम आला की झेरॉक्सच्या दुकानात काडीचं भविष्य चालायचं. पोरं फायली घेऊन यायची, काडी पहिले तीन कागद काचेवर ठेवायची आणि पोरगं बाहेर पडलं रे पडलं की सांगायची, "हा लागला," किंवा "ही लटकली." दुकानाचे मालक, ज्यांना सगळा रस्ता काका म्हणायचा, ते चहाचा कप हातात घेऊन ऐकायचे.

"तुला कॉलेजवाल्यांनी कामाला ठेवायला पाहिजे," काका म्हणायचे.

"दहावीतून बाहेर पडलेली मी. गेटवर तरी उभं करतील का?"

तसं तिला कोणी हाकललं नव्हतं. भूगोलाच्या तासाला मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझं डोकं म्हणजे रिकामं खोकं. काडीने वही मिटली, दप्तर उचललं आणि दारातून वळून म्हणाली, "मग हे खोकं घेऊन जाते, उगाच तुमची जागा अडवतंय." वर्ग खो खो हसला. ते हसणं दोन दिवस पुरलं. काडी मात्र परत गेलीच नाही. आधी उद्या जाईन म्हणाली, मग पुढच्या महिन्यात जाईन म्हणाली, आणि मग कोणी विचारायचंच बंद झालं. आता ती एकोणीस वर्षांची होती, आणि दुकानातल्या मोठ्या मशीनचा कागद अडकला तर तो फाडल्याशिवाय काढणारी त्या रस्त्यावर ती एकटीच.

काडी हे नाव आईने ठेवलेलं. अंगाने काडी आणि जरा घासलं की पेटणारी. तिच्या पाठची, दीड वर्षाने लहान, ती मुंगी. मुंगी कधी पेटायची नाही. ती गप्प आपलं काम ओढत राहायची, आणि कोणी वाटेत बोट ठेवलं तर बोटाला वळसा घालून पुढे जायची. काडीला याचाच फार राग यायचा.

मुंगी बारावी झाली होती, मार्क चांगले होते, आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. कॉलेजात फी माफीच्या बारा जागा होत्या. त्या बारांत बसली तर नर्स, नाही बसली तर घरी. बाबा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरात. आई वृद्धाश्रमात कपडे धुवायला. फी भरून शिकायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे त्यावर घरात कधी चर्चाही झाली नव्हती.

आणि या बारा जागांसाठी फॉर्ममध्ये एक रकाना होता, बाकीच्या जागांना नव्हता. "आपण समाजासाठी केलेले काम, स्वतःच्या शब्दांत."

या रकान्याचं काडीला सगळं माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. तीन वर्षं तिने त्याच रकान्याला लावायची सर्टिफिकेटं छापली होती, लॅमिनेट केली होती. सोनेरी काठाची. लाल लाखेच्या शिक्क्याचं नुसतं चित्र असलेली. फोटोवाली, ज्यात सोळा पोरं एकसारखे टी-शर्ट घालून उभी आणि पुढच्या दोघांच्या हातात फावडी, एका फावड्याच्या दांड्यावर दुकानाचं किमतीचं स्टिकर अजून तसंच. एक पोरगा डोंगरातल्या शाळेची भिंत रंगवायला दहा दिवस गेला होता. काडीने त्याचे फोटो मोठे करून दिले तेव्हा तिला दिसलं, की भिंतीचा हातभर तुकडाच रंगवलेला आहे आणि पोरं पाळीपाळीने त्याच तुकड्यासमोर ब्रश धरून उभी आहेत.

"भिंत तेवढीच, पोरं बदलतायत," ती काकांना म्हणाली.

"लागेल का हा?"

"पहिल्या झटक्यात."

आणि लागलाच. महिन्याभराने प्रवेशाचं पत्र घेऊन तोच भिंतवाला सहा झेरॉक्स काढायला आला. काडीचा जळफळाट झाला, पण त्यातून तिने एक गोष्ट पक्की धरली. कॉलेजवाल्यांना मोठं दिसणारं लागतं. खरं-खोटं कोण बघतंय.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मुंगी दुकानात आली. खांद्याला तिची कापडी पिशवी होती आणि हातात फुलस्केपचे दोन कागद, दोन्ही एकाच बाजूला लिहिलेले, अक्षर बारीक आणि सरळ.

"ताई, हे टाइप करून रकान्यात टाकशील? बाकी सगळं भरलंय. फोटो आणि सही तू स्कॅन केलीच आहेस."

काडीने वरच्या तीन ओळी वाचल्या आणि मान वर केली.

"नखं?"

"हो."

"कॉलेजला तू नखं पाठवतेस?"

"त्यांनी विचारलंय काय काम केलं. मी तेच केलंय ना?"

केलं होतं, यात वाद नव्हता. तीन वर्षांपूर्वी मुंगी शाळेतून थेट वृद्धाश्रमात जायला लागली, कारण घराची किल्ली आईकडे आणि आईची पाळी सहाला सुटायची. तिथे कुठल्याशा आजोबांच्या पायाचं नख वाढून मोज्यात अडकत होतं. मुंगीने कापून दिलं. पुढच्या शनिवारी दोघं वाट बघत बसले होते, त्याच्या पुढच्या शनिवारी पाच जण. मग ते दर शनिवारचंच झालं. कोमट पाण्याचं घमेलं, जुना टॉवेल, दोन नेलकटर, एक कानस आणि एक छोटी वही. वहीत कुणाच्या कुठल्या बोटाला काय, ते सगळं. घराची दुसरी किल्ली करून घेतली त्यालाही आता अडीच वर्षं झाली होती, तरी मुंगी जातच होती.

"अगं, समोर बसलेली माणसं काय म्हणतील?" काडी म्हणाली. "इकडे पोरं शाळा बांधतायत, जंगलं लावतायत, आणि ही म्हणे म्हाताऱ्यांची नखं काढते. आणि वर आई तिथे धुणं धुते. म्हणजे तू काय सेवा केलीस? आईची वाट बघत बसली होतीस."

मुंगीने जरा विचार केला. "तेही लिहिलंय," ती म्हणाली. "दुसऱ्या पानावर."

"धन्य आहेस."

"ताई, मला चारला पोचायचंय. खोली चारमधल्या आजी पाय भिजवून बसतात, उशीर झाला की पाणी गार होतं. तू टाकशील ना?"

"टाकते. जा."

मुंगी गेली. फॉर्मचा पासवर्ड काडीकडेच होता; मुंगीने ना तो बदलला, ना मला दाखव म्हणाली. बहिणीवर सोपवलं की सोपवलं.

काडी टायपायला बसली. चार ओळी टाइप केल्या. "पायाची नखं कापण्याआधी दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवावे लागतात." हे वाक्य पडद्यावर तिला इतकं केविलवाणं दिसलं की तिचे कान तापले. तिला इंटरव्ह्यूच्या खोलीतली माणसं दिसायला लागली, गुळगुळीत टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि कोणीतरी कोणालातरी कोपराने ढोसतंय. भूगोलाच्या तासाला हसले होते तसं. तिच्या बहिणीला कोणी हसावं हे काडीला चालणार नव्हतं. तो मान फक्त तिचा होता.

तिने चारही ओळी पुसल्या.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर तीन वर्षांच्या पोरांच्या फायली पडून होत्या. कोणी पुसायची तसदी घेतली नव्हती. काडीने तीन उघडल्या. मुंगीकडे शाळेचं एक सर्टिफिकेट होतं, नदीकाठच्या सफाईचं. एकच सकाळ, दोन तास, शेवटी प्रत्येकाला एक केळं. खोटं म्हणायला अगदी खोटं नव्हतं. काडीने तीच सकाळ ताणली. दोन तासांची दोन वर्षं झाली. मुंगीच्या हाताखाली चाळीस स्वयंसेवक आले. "नेतृत्व", "जनजागृती", "शाश्वत" असे शब्द एकेका फाईलीतून उचलून तिने जागच्या जागी बसवले. शाश्वत म्हणजे काय हे तिला नीट माहीत नव्हतं, पण लागलेल्या तिन्ही पोरांनी तो वापरला होता.

खाली बारीक अक्षरात होतं, वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास अर्ज रद्द होईल. त्याखाली मुंगीची सही, काडीने स्कॅन केलेली, सरळ रेषेतली.

काडीने सबमिट दाबलं. आणि मुंगीचे ते दोन कागद उचलून सवयीने मशीनखालच्या ट्रेमध्ये सारले.

हा काकांचा नियम होता. एक बाजू कोरी असलेला कागद त्या दुकानात कधी फेकला जायचा नाही. कोऱ्या बाजूवर आधी चुकीची प्रिंट काढून बघायची, हिशोब मांडायचे, गिऱ्हाइकाला पत्ता लिहून द्यायचा. "अर्धा कागद अजून जिवंत आहे," काका म्हणायचे. काडीचा हात तीन वर्षांत आपोआप त्या ट्रेकडे जायला शिकला होता.

सांगायचं तिने ठरवलं होतं. रात्री जेवताना सांगू म्हणाली, पण आई होती. दुसऱ्या दिवशी मुंगीच घाईत होती. तिसऱ्या दिवशी काडीला वाटलं, निकाल लागू दे, मग सांगितलं तर हसू तरी येईल. चौदा दिवसांनी इंटरव्ह्यूचं पत्र आलं. मुंगीने आईच्या ओल्या हातात पत्र दिलं, आईने हात पुसून ते पुन्हा घेतलं, आणि काडीची छाती दोन इंच पुढे आली. बघ. म्हटलं होतं ना. मोठं दिसणारं लागतं.

इंटरव्ह्यूच्या सकाळी दोघी बसने गेल्या. मुंगीच्या पिशवीत नखांची वही होती. काडीने वहीकडे बोट केलं.

"ही कशाला?"

"विचारलं तर दाखवेन."

काडी खिडकीतून बाहेर बघायला लागली. दोन थांबे गेले. मग ती म्हणाली, "हे बघ, आत जे विचारतील त्याला हो म्हण. फार खोलात जाऊ नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे हो म्हण. मोठी माणसं असतात, त्यांना हो आवडतं."

मुंगी तिच्याकडे बघत राहिली. सांगायची ती शेवटची जागा होती. आणखी पाच थांबे होते. काडीने पाचही जाऊ दिले.

बाहेरच्या बाकावर काडी बसली. भिंतीवरच्या घड्याळात मुंगी आत गेली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आधीची पोरगी वीस मिनिटं आत होती. मुंगी अकरा सतराला बाहेर आली. चेहरा नेहमीसारखाच, फक्त पिशवी छातीशी धरलेली. ती बाकापाशी थांबली नाही, सरळ गेटबाहेर गेली. बसथांब्यावर पोचेपर्यंत काडी तिच्या मागून चालत होती, आणि मुंगीच्या मागून चालायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"काय झालं?"

"एक मॅडम होत्या आणि एक सर," मुंगी म्हणाली. "मॅडमनी विचारलं, चाळीस जणांना कामं वाटून दिलीस, त्यात सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं? मी म्हटलं, कुठल्या चाळीस जणांना?"

काडी बसच्या पाटीकडे बघायला लागली.

"मग सरांनी फॉर्म पुढे केला. मी वाचला. छान लिहिलंय. खाली माझी सही होती. मी म्हटलं, हे मी लिहिलेलं नाही. ते म्हणाले, मग कोणी लिहिलं?"

"मग?"

"मग काय. मी तुझं नाव घेतलं नाही."

"नाव सांगायचंस ना माझं."

"आणि सांगून काय झालं असतं? सही माझी होती." बस आली, त्यांची नव्हती, गेली. "मग सर म्हणाले, बरं, तू खरं काय केलंस? मी सांगितलं. सर म्हणाले, नखं? आणि पेन खाली ठेवलं. मॅडमनी विचारलं, किती दिवस. मी म्हटलं तीन वर्षं. मी वही काढत होते, तेवढ्यात सर म्हणाले, ठीक आहे, ये तू."

"मला वाटलं होतं..."

"माहितीये तुला काय वाटलं. तू सांगितलं असतंस ना ताई, तरी मी गेले असते. आत जाऊन सुरुवातीलाच सांगितलं असतं की फॉर्म चुकलाय. पण मला ते त्यांच्या तोंडून कळलं. त्यांच्यासमोर मी माझ्याच सहीकडे वेड्यासारखी बघत बसले."

त्यांची बस आली. मुंगी चढली, काडी तिच्या मागून.

दुसऱ्या दिवशी तिने काकांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि कॉलेज गाठलं. शिपायाने हटकलं. काडी म्हणाली, मॅडमची झेरॉक्स आणलीय. ही थाप मात्र तिला उत्तम जमली.

मॅडम पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा अडकवलेला, टेबलावर फायलींचे दोन ढीग. काडीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मध्ये श्वाससुद्धा न घेता. मॅडमनी ऐकून घेतलं.

"तू कितवी शिकलीस?"

"दहावीतून सोडली."

"फॉर्ममधली भाषा बरी होती."

"माझी नाही ती. तीन पोरांच्या फायलींतून उचलली."

"ते कळलं." मॅडमनी एक ढीग थोपटला. "नदीकाठ यंदा मला अकरा जणांनी दिलाय. मी रोज त्या पुलावरून येते. अकरा जणांनी दोन-दोन वर्षं झाडली असती तर नदीत तोंड दिसायला हवं होतं."

काडीला हसू आलं आणि आल्याआल्या त्याची लाज वाटली. "मग तिला बोलावलंत कशाला?"

"मार्कांवर. बोलावतो ते मार्कांवरच. तो रकाना आम्ही उमेदवार समोर बसल्यावर वाचतो."

काडीने टेबलाची कड धरली. म्हणजे ते पत्र, ती दोन इंच पुढे आलेली छाती, तिच्या शाश्वतचा त्यात काडीइतकाही हात नव्हता. मुंगी स्वतःच्या पायाने दारापर्यंत आली होती.

"पण टी-शर्टवाले लागतात," ती म्हणाली. "मी पत्रांच्या झेरॉक्स काढते. मला माहितीये."

"कुठल्या जागांवर? फी भरून शिकणाऱ्यांच्या. तिथे हा रकानाच नाही. त्यांनी ती सर्टिफिकेटं फाईलीत लावली काय आणि घरी भिंतीवर टांगली काय."

तीन वर्षं. तीन वर्षं काडी प्रत्येक पत्र मशीनच्या काचेवर पालथं ठेवत होती, आणि वर कुठल्या जागेचं लिहिलंय ते तिने एकदाही वाचलं नव्हतं.

"नखांचं असतं तर?" तिने विचारलं. "तिने लिहिलेलं तसंच दिलं असतं तर लागली असती?"

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. "उगाच गोड बोलत नाही. सरांचं आणि माझं यावरून दरवर्षी वाजतं. त्यांना आकडा लागतो. किती माणसं, किती झाडं, किती गावं. मी बघते, पोरगी दुसऱ्या वर्षीसुद्धा गेली का. तिची आई तिथे कामाला आहे म्हणतेस. मग याला समाजसेवा म्हणायचं की आईच्या मागे मागे जाणं, यावर आमचा एक तास गेला असता. कदाचित मी जिंकले असते. कदाचित नसते." त्या थांबल्या. "पण भांडायला कागद तरी पाहिजे होता ना गं माझ्या हातात."

"मी लिहून देते. मी केलं, तिला माहीत नव्हतं म्हणून."

"दे. फाईलीला लावीन. पण यंदाचा अर्ज रद्दच होईल. खोटी माहिती ती खोटी माहिती, तिने दिली की तू, हे बघायची सोय नियमात नाही. पुढच्या वर्षी नव्याने भर म्हणावं."

काडीने टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिलं. कित्येक महिन्यांत तिने हाताने काही लिहिलं नव्हतं. चारच ओळी झाल्या, आणि त्यातही कुठे मोठं दिसेलसं काही नव्हतं.

घरी आईला सांगावं लागलं. आई भांडली असती तर बरं झालं असतं, काडीला भांडणात निभावता यायचं. आई चादरीच्या घड्या घालत होती. "तिने मला विचारलं होतं," ती म्हणाली. "आई, तू तिथे धुणं धुतेस ते लिहू का? मी म्हटलं, लिही की. मी काय चोरी करते?" आणि पुढची चादर उचलली. त्यानंतर बरेच दिवस आई काडीशी कामापुरतं बोलली. कामापुरतं म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच.

बारा जणांची यादी लागली. त्यात मुंगीने बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती जाऊन बघून आली. मग ती आईबरोबर रोज वृद्धाश्रमात जायला लागली, कपड्यांच्या खोलीत, पगारावर. शनिवारी नखं चालूच होती, पण आता पाळी संपल्यावर, दमलेल्या हातांनी.

"पुढच्या वर्षी भरायचा ना फॉर्म?" काडीने एकदा विचारलं.

"बघू. पुढच्या वर्षी बघू."

तो सूर काडीच्या ओळखीचा होता. तिने स्वतःच तो घरभर वाजवला होता, पुढच्या महिन्यात जाईन, पुढच्या महिन्यात जाईन. फक्त तिला शाळेतून तिच्याच तोंडाने बाहेर काढलं होतं. मुंगीला बाहेर काढणारं तोंडही काडीचंच.

एका सकाळी मोठ्या मशीनमध्ये कागद अडकला. काडीने खालचा ट्रे ओढला, अडकलेला कागद न फाडता काढला आणि उलटून बघितला. एका बाजूला कुणाच्यातरी भाडेकरारनाम्याची चुकलेली प्रिंट, अर्धी काळी, अर्धी पुसट. दुसऱ्या बाजूला बारीक, सरळ अक्षर.

ती तिथेच फरशीवर बसली. या खेपेला तिसऱ्या ओळीला थांबली नाही.

"नखं कापायला मी पहिल्यांदा माझ्या ताईवर शिकले. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्याने तिला जमत नव्हतं. ती सारखी हलायची आणि ओरडायची. त्यामुळे हलणाऱ्या माणसाची नखं कशी कापायची ते मला आधी आलं, आणि शांत बसणाऱ्यांची नंतर. वृद्धाश्रमात बऱ्याच जणांचे हात थरथरतात. तिथे मला ताईचा खूप उपयोग झाला."

पुढे घमेल्याचं होतं. खिडकीजवळच्या आजोबांचं, जे एकेका बोटाला एकेका मुलाच्या नावाने हाक मारायचे आणि करंगळीपाशी आले की गप्प व्हायचे. साखर असलेल्या माणसाचा नखाचा कोपरा का कापायचा नाही, ते. आणि पानाच्या तळाशी, "खोली चारमधल्या आजी पहिले सहा महिने मला पायाला हात लावू द्यायच्या नाहीत. मग एका शनिवारी त्यांनी" एवढ्यावर पान संपलं होतं.

काडीने अख्खा ट्रे रिकामा केला. मग कोपऱ्यातलं खोकं, मग काकांच्या टेबलाखालचा गठ्ठा. प्रत्येक कागद उलटून बघितला. दुसरं पान नव्हतं.

"काय हरवलं?" काकांनी विचारलं.

"असाच एक कागद. फुलस्केप. एका बाजूला लिहिलेला."

"मग दिला असेल कुणाला पत्ता लिहून," काका म्हणाले. "रोज दहा देतो."

संध्याकाळी मुंगी घरी आली, तर काडी खाटेवर ते पान मांडीवर घेऊन बसलेली. मुंगीने ते ओळखलं. हात धुवून आली, समोर टेकली.

"दुसऱ्या पानावर काय होतं?" काडीने विचारलं. "आजींनी एका शनिवारी काय केलं?"

"पाय पुढे केला."

"एवढंच?"

"लिहिताना जास्त होतं."

"मग परत लिही. आत्ता लिही, मी आहे तसं टाइप करते. एका अक्षराला हात लावणार नाही. पुढच्या वर्षीसाठी तयार राहील."

मुंगीने पान हातात घेतलं, उलटून भाडेकरार बघितला, परत ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर काडीने तो कसा पेलायचा ते बघून घेतलं असतं.

"तसं आता नाही लिहिता येणार ताई. तेव्हा मला वाटत होतं, कोणीतरी ते वाचणार आहे."

काडी खाली बघत राहिली. मांडीवरच्या हातांची नखं वाढलेली होती आणि मशीनच्या शाईने काळी झाली होती. मुंगीलाही ती दिसली. तिने पिशवीतून नेलकटर काढलं, जुना टॉवेल आपल्या गुडघ्यावर पसरला आणि काडीचा उजवा हात ओढून त्यावर ठेवला.

"हलू नकोस," ती सवयीने म्हणाली.

काडी हललीच नव्हती.